तेल काढायचं मशीन

पिंगळीच्या अलीकडे आमचं शेत. राहायलाही शेतातच, आमच्याकडं अशा घराला आखाडा म्हणतात. शेताशेजारच्या रस्त्यावर जळक्या ऑइलच्या ड्रमांचा ट्रक उलटला आणि ते काळं ऑइल चारीतून थेट आमच्या विहिरीत उतरलं. प्यायला, गुरांना, भाजीला तेवढी एकच विहीर. आई काठावर बसून नुसती खाली बघत राहिली.

थोरल्या चुलत्यांना पुढारपणाची भारी हौस. परभणीत खटपट करून त्यांनीच तेल काढायचं मशीन आणवलं, हे मान्य करायला हवं. मशीन म्हणजे पाण्यात सोडलेला लांब पट्टा. मोटारीवर तो फिरतो, तवंग त्याला चिकटून वर येतो आणि वरची पट्टी तो खरवडून ड्रममध्ये पाडते. चालवणाऱ्यानं दुपारीच पट्टा सोडला.

"आज न्हाई. उद्या परभणीचे सायेब यायलेत, बटन त्यांच्याच हातानं दाबू," चुलते म्हणाले.

"दादा, पाणी खराब व्हायलंय," बाबा म्हणाले.

"एका रातीत काय व्हतंय? आपल्याला काय इज्जत हाय का न्हाई?"

झालं. मोठा भाऊ बोलला की बाबांचं बोलणं संपायचं. मला आजही त्याचा संताप येतो.

सकाळी मांडव उभा राहिला, शाल-नारळ आले. वास मात्र जाईना, आणि चुलत्यांना पाहुण्यांच्या नाकाची काळजी. पाहुणे यायच्या आधी घर सारवावं तशी त्यांनी विहीर धुवायला काढली. धुण्याच्या पावडरीचं पोतं विहिरीत ओतलं, गड्यांकडून बांबूनं ढवळून घेतलं. वास मेला. तवंगही दिसेनासा झाला. चुलते एकदम खूश!

सत्कार झाला, बटन दाबलं, टाळ्या वाजल्या. पट्टा फिरला आणि वर आला तो नुसता फेस. चालवणाऱ्यानं कपाळावर हात मारला. साबणानं तेल फुटून सगळ्या पाण्यात मिसळलं होतं. पट्ट्यानं धरायचं काय? साहेबांना पांढरा फेस बघून पाणी स्वच्छ झाल्यासारखं वाटलं. मशीनचं कौतुक करून, उपमा खाऊन ते गेले.

संध्याकाळी मशीनही गेलं. बाबांनी बादली काढली. पाणी ताकासारखं पांढुरकं. गाईनं नाक लावलं आणि मान फिरवली.

आईनं तांब्या भरून बाबांपुढं आदळला. "जावा, पाजा तुमच्या दादाला!"

बाबा खरंच गेले. चुलत्यांकडं त्यांनी चहा घेतला आणि भरला तांब्या तसाच परत घेऊन आले.