पुढचं चाक मागे

माझ्या धाकट्या भावाला सगळे पाना म्हणतात. शाळेत असताना सायकलचा पाना खिशात घालून हिंडायचा. खिसा फाटायचा, आई शिवायची, पुन्हा फाटायचा. नाव चिकटलं ते चिकटलंच. मी कॉलेजात गेले, तो गॅरेजमध्ये. पाहुणे आले की आई माझे मार्क सांगायची आणि त्याला म्हणायची, "तू आधी हात धुऊन ये." तो धुऊन यायचा. नखांतलं काळं तसंच असायचं.

सव्वीस वर्षं त्याने एकच गाडी चालवली आणि ती त्याची नव्हती. एका छापखान्याच्या मालकांची होती. लांब बॉनेटची, गोल दिव्यांची, दुधी रंगाची. माझ्या जन्माच्या आधीची. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा पाना ते स्वतः घासून, कातून बसवायला लागला. राहायचाही छापखान्यामागच्या खोलीत, तिच्या शेजारी. लग्न केलं नाही.

"हिला सवत नको म्हणून ना?" मी चिडवायचे.

"ताई, सवत एकवेळ नांदवता येईल. हिचा कार्ब्युरेटर नांदवून दाखव."

म्हातारे मालक वारले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे आली. मुलाने ती लग्नांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांच्या बॅगा डिकीत मावेनात, म्हणून त्याने मोठी स्टेपनी काढून टाकली आणि नव्या गाड्यांत असतं ते लहान, तात्पुरतं चाक आणून ठेवलं. अरुंद, उंचीलाही चांगलं चार बोटं कमी. जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत कसंबसं जाण्यापुरतं. ऐंशीच्या पुढे पळवू नका, असं त्यावरच लिहिलेलं.

"साहेब, हत्तीला बकरीचा पाय लावताय," पाना म्हणाला.

"पाय डिकीत आहे. कोण बघतंय?"

पानाने मग स्वतःचा एक नियम केला. ही गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालते, म्हणून लहान चाक मागे कधीच लावायचं नाही. मागचं चाक बसलं तर पुढचं मोठं चाक काढून मागे लावायचं आणि लहान चाक पुढे. म्हणजे दोनदा जॅक, दोनदा नट, दुप्पट वेळ.

ती वेळ आलीच. मागे नवरी आणि तिची आई बसलेली, पुढे छोटे मालक, आणि मागचं डावं चाक बसलं. छोटे मालक घड्याळ बघत म्हणाले, "लाव ते लहान आणि चल." पानाने जॅक पुढच्या चाकाखाली सरकवला.

"पंक्चर मागे आहे रे."

"माहीत आहे साहेब."

चाळीस मिनिटं गेली. नवरी रस्त्याच्या कडेला घामाघूम उभी. नवरीच्या आईने तिथल्या तिथे छोट्या मालकांचा उद्धार केला आणि छोट्या मालकांनी दुसऱ्या दिवशी पानाचा. नोकरी गेली, खोली गेली. सव्वीस वर्षांचं सामान दोन पिशव्यांत मावलं.

आठवड्याभरात छोट्या मालकांचा फोन आला. माझ्याकडे. "तुमचा मुलगा चालवतो ना ही गाडी? मामाने शिकवलीय ना त्याला?"

माझा मुलगा तेवीस वर्षांचा, पाच महिने घरी बसलेला. दुपारपर्यंत झोपायचा, उठला की दाराकडे पाठ करून मोबाइल बघायचा. जेवायला हाक मारली की "भूक नाही" इतकंच. तो गच्चीवर गेला तरी मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागोमाग जायचे. कोरडे कपडे दोनदा वाळत घातलेत मी. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, "जा." भावाला विचारलं नाही. विचारलं ते मुलगा रुजू झाल्यावर.

"जाऊ दे की," पाना म्हणाला. "तिला कुणीतरी हवंच." आणि वर, "तू चांगलं केलंस." हे तो मनापासून म्हणाला की टोमणा मारला, मला आजही कळलेलं नाही.

त्याच रविवारी तो घरी आला. पोळ्या चालल्या होत्या. माझ्या हातातलं लाटणं घेतलं, त्याच्या दोन टोकांना कणकेने डब्यांची दोन झाकणं चिकटवली, एक मोठं, एक लहान, आणि ओट्यावर ढकललं. लाटणं गोल फिरून मिठाच्या बरणीवर आदळलं.

"बघितलंस?" तो मुलाला म्हणाला. "लहान चाकाला तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडी सरळ ठेवायची तर दोघांतला फरक कुणी सोसायचा? मध्ये जो दातेरी गिअरांचा गोळा आहे, त्याने. वळणावर तो सोसतोच, त्यासाठीच आहे. पण सरळ रस्त्यावर तास न् तास सोसायला लावलंस, तर तापतो आणि स्वतःलाच खातो. म्हणून लहान चाक कुठे?"

"पुढे, मामा."

"पंक्चर मागे असलं तरी?"

"तरी पुढे. कितीदा सांगशील?"

"आणि नवरी ओरडली तर?"

"ओरडू दे."

आम्ही तिघेही हसलो. झाकणांची कणीक मी काढली. हे सगळं मी कानांनी ऐकलंय, डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं लिहिते आहे.

दोन महिन्यांनी मागचंच चाक पुन्हा बसलं. गाडीत छोटे मालक. मुलाने पंक्चर जिथे होतं तिथेच लहान चाक लावलं, वीस मिनिटांत. छोट्या मालकांनी पाठ थोपटली, "मामापेक्षा चटपटीत आहेस." त्या एका वाक्याने घात केला. घरी येऊन त्याने मला अभिमानाने ते सांगितलं. लहान चाक कुठे लावलं, हे मी विचारलं नाही. कितीतरी महिन्यांनी पोरगं पोटभर जेवत होतं.

जुना टायर दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. त्या मापाचा नवा बाहेरून मागवावा लागतो, नऊ दिवस लागणार होते. मधे तीन भाडी होती. मुलगा रोज म्हणायचा, उद्या बदलतो पुढे. नवव्या दिवशी लांबचं भाडं, सरळ मोठा रस्ता. मागून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग दळल्यासारखा, मग एक दणका, आणि गाडी जागच्या जागी अडली. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. ते हातभर अंतर माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

मुलाचा फोन आल्यावर मी पानाकडे धावले. त्या गाडीला हात लावणारा दुसरा कुणी गावात नव्हता. पाना एका गोदामाच्या पोटमाळ्यावर राहत होता. माझं बोलणं होईपर्यंत त्याने पिशवी उचललीही.

"पोरगा ठीक आहे?"

"आहे."

"लहान चाक कुठे होतं?"

मी वाटेतून बाजूला झाले. तो जिना उतरला.

आम्ही बसने गेलो. पोचल्यावर गाडीखाली सरपटला, गोळ्याचं तेल एका डब्यात काढलं आणि बोट बुडवून बाहेर आला. बोटावर चांदीसारखा चुरा चमकत होता. छोटे मालक, मुलगा आणि मी, तिघांसमोर त्याने ते बोट धरलं.

"हे कशाने झालं?" छोट्या मालकांनी विचारलं. मग मुलाकडे वळले. "तू काय केलंस?"

मुलाचा चेहरा पिठासारखा पांढरा. मला दिसलं, हा आता पुन्हा त्या खोलीत, पुन्हा दाराकडे पाठ. मी भावाकडे पाहिलं. फक्त पाहिलं, पण त्याने ते वाचलं.

"लहान चाक मागे लावल्याने झालं," पाना बोट पुसत म्हणाला. "त्याचा दोष नाही. मी शिकवताना सांगितलंच नाही त्याला. राहून गेलं."

"सव्वीस वर्षं गाडी सांभाळलीस आणि एवढं सांगायचं राहून गेलं?"

"हो साहेब. राहून गेलं."

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे.

महिनाभर खपून पानाने गिअर बसवला. रोज पिशवी घेऊन यायचा, मुलाशी कामापुरतं बोलायचा. त्याला वाटलं असेल, गाडी दुरुस्त झाली की विषय संपला. पण छोटे मालक बोलके. जुन्या गाड्यांच्या चार मालकांत त्यांनी सांगितलं, पाना आता पूर्वीचा राहिला नाही, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. त्यांतल्या दोघांनी पानाला आपली गाडी चालवायला देऊ केली होती. दोघांनीही कळवलं, सध्या राहू दे. आता तो गोदामात पोती मोजतो. आमच्याकडे येत नाही. मी गेले तर चहा देतो आणि कपबशी विसळायला मोरीपाशी जातो, मी निघेपर्यंत.

गेल्या आठवड्यात मी ठरवून छापखान्यात गेले. खरं ते सांगायचं, वाक्यं घोकून ठेवली होती. छोट्या मालकांनी खुर्ची दिली.

"बरं झालं, तुमच्या भावाने कबूल केलं. नाहीतर मला तुमच्या मुलाला काढावंच लागलं असतं. मामानेच सांगितलं नाही, तर पोराला कसं कळणार?"

खिडकीतून अंगण दिसत होतं. मुलगा गाडी पुसत होता, काहीतरी गुणगुणत.

"हो," मी म्हणाले. "त्याला कसं कळणार."