पितृपक्षातला कार्टून मेळावा

मंगल कार्यालय चटकन मिळायला हवं असेल तर पितृपक्षात मागावं, ही अक्कल आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना कुणी दिली कोण जाणे. पण हुबळीत त्या वर्षी आम्ही जपानी कार्टूनांचा आणि कॉम्प्युटर गेमांचा जो मेळावा भरवला, तो पक्षपंधरवड्यातल्या रविवारी भरला तो याच कारणाने. लग्न नाही, मुंज नाही, कार्यालयाचा मालक माश्या मारत बसलेला. त्याने वरचा हॉल, खालचा जेवणाचा हॉल आणि मंगलाष्टकांचा माइक, सगळं एका शब्दात देऊन टाकलं.

जपानी कार्टूनांचं वेड असलेली आम्ही जेमतेम दहाबारा टाळकी होतो. हॉस्टेलमध्ये एकाची सीडी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, असं चालायचं. त्यातही आमची मिजास अशी की नवी चकचकीत कार्टूनं पोराटोरांनी बघावीत, आम्ही बघणार ती जुनी, हाताने चित्रं काढून केलेली. आमचा म्होरक्या होता वर्गातला एक कानडी मुलगा. लॅमिंग्टन रोडवर लावायच्या पोस्टरवर काय लिहायचं यावर आमचं भांडण झालं तेव्हा तो म्हणाला, "कार्टून अंत बरी, मंदि तान बर्तार." कार्टून लिही, माणसं आपोआप येतील. आणि खरंच आली. शाळकरी मुलं घेऊन आया आल्या, आज्या आल्या. कार्टून म्हणजे मुलांचं, हे आपल्याकडे इतकं पक्कं ठरलेलं आहे की आत काय दाखवणार हे कुणी विचारलंच नाही.

जपानी तर कुणालाच येत नव्हतं आणि खालच्या इंग्रजी ओळी आज्यांना आणि लहानग्यांना वाचता येणार नव्हत्या. म्हणून असं ठरलं की माइक घेऊन मी पडद्याशेजारी उभं राहायचं आणि चालू सिनेमात कन्नड आणि मराठी दोन्हीत सांगत जायचं. धारवाडात वाढलेल्या माणसाला त्यात काही विशेष नाही, आम्ही घरात भांडतोसुद्धा दोन भाषांत. पण मला नीट आवाज काढता यायचे, आणि त्याचा मला गर्वही होता.

त्या रविवारी माझ्याबरोबर अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, छोटी होती, आणि माझा जीव टांगणीला लागला तो तिच्यामुळे.

भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात सुपरवायझर होते. उन्हाळ्यात एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना बायपासवर ट्रकने त्यांना उडवलं. छोटी तेव्हा बालवाडीत होती. घरात आणलं त्या दिवशी तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. आमचे अप्पा वकील. उभा जन्म दुसऱ्यांच्या साक्षीदारांना उलटसुलट विचारण्यात गेलेला, पण घरातली खोटी साक्ष त्यांनीच रचली. "लहान आहे. शाळेत रुळू दे, मग सांगू," ते म्हणाले, आणि भाऊजी नोकरीसाठी मस्कतला गेले असं ठरलं. अक्का तेव्हा कशालाच हो-नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हती. ती लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आली आणि मस्कत आमच्या घरातच येऊन बसलं.

सुरुवातीला छोटी रोज विचारायची, फोन आला का. मग आम्ही आळीपाळीने सांगायचो, काल रात्री आला होता, तू झोपली होतीस, तुला पापा दिलाय. मी तर भाऊजींच्या लकबीत सांगायची. पावसाळ्यात कधीतरी तिने विचारणं बंद केलं. आम्हाला वाटलं, विसरली. लहान मुलं विसरतात असं मोठी माणसं एकमेकांना सांगत असतात, तसं आम्हीही सांगितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

नेमकं त्या रविवारी अक्काच्या सासरी भाऊजींचं श्राद्ध होतं. तिचे दीर करणार होते. आई, अप्पा आणि अक्का सकाळीच तिकडे निघायच्या तयारीत. छोटीला तिथे न्यायची सोयच नव्हती. अप्पा मला म्हणाले, "तू घेऊन जा की तिला. कार्टूनच आहे ना तुमचं? खरं एक लक्षात ठेव, तिच्यासमोर कुणी काही बोलता कामा नये."

"कोण बोलणार आहे तिथे?" मी म्हटलं.

अक्काने तिची वेणी घातली आणि फीत जरा जास्तच घट्ट बांधली. छोटी ओरडली नाही.

बेत साधा होता. सकाळी खाली गेमांच्या स्पर्धा. दुपारी मुलांसाठी एक विनोदी सिनेमा. त्यानंतर आमच्यासारख्या वेड्यांसाठी दुसरा, एका नावाड्याचा आणि त्याच्या मुलीचा. तो माझा सगळ्यांत लाडका, पण त्यात नावाडी पुरात जातो. भाऊजी गेल्यापासून मी तो लावला नव्हता. तो सुरू होण्याआधी छोटीला घेऊन मी धारवाडच्या बसमध्ये बसलेली असणार होते.

दुपारी विनोदी सिनेमाची सीडी दहा मिनिटं चालली आणि अडकली. काढून पुसली, पुन्हा लावली, पडद्यावरच्या माकडाचे चौकोनी तुकडे झाले. मुलं चुळबुळायला लागली. गोकुळ रोडच्या एका कारखान्यातून मागून आणलेला प्रोजेक्टर अंधार पडायच्या आत परत द्यायचा होता. म्होरक्याने क्षणभर विचार केला आणि नावाड्याची सीडी आत सरकवली.

मी धावत गेले. "हा नको. यात लहान मुलांना बघवणार नाही असं आहे."

"एनू आगूदिल्ल," तो म्हणाला. काही होत नाही. तो मनाने वाईट नव्हता. आमच्या घरचं मस्कत त्याला माहीत नव्हतं, आणि भरल्या हॉलमध्ये ते मी त्याला कसं सांगणार होते?

मी छोटीला खाली जेवणाच्या हॉलमध्ये नेलं. पंगतीच्या लांबलचक टेबलांवर कॉम्प्युटर मांडलेले, हात धुवायच्या मोरीवरून वायरी गेलेल्या, गोळीबाराचा आवाज आणि पोरांचा कल्ला. वर्गातल्या एका मुलीने तिला मांडीवर घेऊन उड्या मारणाऱ्या माणसाचा गेम लावून दिला. मी सुटले असं वाटून वर आले, माइक हातात घेतला, तर पहिल्या रांगेत माझ्यासमोर छोटी.

"का गं आलीस?"

"तो खड्ड्यात पडला तरी मरतच नाही. परत उठतो," ती म्हणाली. "कंटाळा आला."

तिच्या तोंडून मरण्याचा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. तिचा हात धरून सरळ निघून जायचं, एवढंच मला करायला हवं होतं. पण मागे खच्चून भरलेला हॉल, पडद्यावर नदी आलेली, आणि छोटी शेजारच्या मुलाला सांगत होती, "ही माझी मावशी. हीच सगळं सांगणार आहे." तेव्हा माझ्या मनात आलं की माइक तर माझ्याच हातात आहे. मी सांगेन तीच गोष्ट.

पहिला भाग मजेत गेला. नावाडी, त्याची मुलगी, आणि नावेत हट्टाने चढून बसणारं एक बदक. बदकाला मी धारवाडी मराठीत बोलायला लावलं, आज्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. छोटी हसत नव्हती. ती टक लावून बघत होती. घरी मी सराव करताना तिने एकदा मला विचारलं होतं, यांचं नुसतं तोंडच का हलतं? जुन्या कार्टूनांत मेहनत वाचवायला चेहरा एकच ठेवायचे आणि फक्त तोंडाची चित्रं बदलायचे, हे मी तिला समजावलं होतं. तेव्हापासून ती तोंडंच बघायची.

नदीचं पाणी वाढायला लागलं. नावाडी अंधारात दोर सोडायला जातो. मुलगी दारात उभी राहते. मग सकाळ होते आणि माणसं त्याला घरी आणतात, चटईवर निजवतात, बायको शेजारी बसते. त्या ठिकाणी तो सिनेमा फार वेळ गप्प राहतो. संगीतसुद्धा नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

मी नावाड्याच्या आवाजात बोलले. "फार दमलोय गं पोरी. जरा झोपतो. उठलो की आपण बदकाला घेऊन पलीकडे जाऊ." तेच कन्नडमध्येही सांगितलं.

खालची इंग्रजी ओळ वाचणाऱ्या पोरांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. म्होरक्या प्रोजेक्टरमागून येऊन कानात कुजबुजला, "अंव सत्तानल्ल?" अगं, तो मेलाय ना?

मी माइकवर हात ठेवून त्याला गप्प बस म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो गपचूप मागे गेला.

एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. नदीवर दिवे सोडले, मी म्हटलं सण आहे. बायको पांढऱ्या कपड्यांत दिसली, मी म्हटलं देवळात निघालीय. मुलगी एकटीच नावेत बसली तेव्हा नावाड्याला मी लांबच्या गावी कामाला पाठवून दिलं. घरी आम्ही जे सगळ्यांनी मिळून करत होतो ते मी तिथे एकटी करत होते, आणि मला लाज वाटत होती, आणि तरी माझा आवाज छान लागला होता. अखेर मुलगी स्वतः वल्हं मारत पलीकडे जाते आणि सिनेमा संपतो.

टाळ्या पडल्या. मागून एका आजीने मोठ्यांदा विचारलं, "अवरप्प बरलिल्लेन?" तिचा बाप आला नाही का?

माइक अजून चालू होता. "येतो म्हणालाय, आजी," मी दोन्ही भाषांत सांगितलं. छोटीकडे बघण्याचं धैर्य मला झालं नाही.

चपला घालून आम्ही बसस्टँडला आलो. धारवाडच्या बसमध्ये तिला खिडकी दिली. नवानगर मागे पडेपर्यंत मी मनात उत्तरं जुळवत होते. शेवटी मीच विचारलं, "आवडला का गं?"

"बदक आवडलं."

"आणि?"

"तू म्हणालीस ना, जरा झोपतो. तेव्हा त्यांचं तोंड हलत नव्हतं."

"ते दमले होते ना," मी म्हटलं. "हळू बोलत होते."

"नव्हते बोलत. तूच बोलत होतीस." ती रागावली नव्हती. माझ्या चित्रात रंग चुकलाय हे दाखवावं तशी सांगत होती. "आमच्या बाबांचं पण हलत नव्हतं. काकूंच्या खिडकीतून दिसलं मला. सगळे रडत होते, आणि आई त्यांना उठा म्हणत होती."

कंडक्टर पुढे तिकीट तिकीट करत होता, कुणाच्या तरी पिशवीतली कोथिंबीर माझ्या मांडीवर आली होती. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने माझी बाही धरली आणि माझ्या कानाशी आली.

"आईला सांगू नको हं मावशी. तिला वाटतं, बाबा मस्कतला आहेत."

मी नाही सांगत म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? धारवाड येईपर्यंत मी दुसरीकडे तोंड करून रडत होते आणि ती माझ्या ओढणीच्या गाठीशी खेळत होती. तिने फोनचं विचारणं का सोडलं, ते मला तेव्हा कळलं. आम्ही वेळ मारून नेत होतो आणि ती आम्हा सगळ्यांना सांभाळून घेत होती.

घरी पोचलो तेव्हा तिघंही परत आली होती. अप्पा आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. आई स्वयंपाकघरात तिकडून दिलेली खीर डब्यातून पातेल्यात काढत होती. अक्का व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. न्हाऊन केस नुसते मागे बांधलेले, डोळे सुजलेले. छोटीला बघताच तिने चेहरा सावरला आणि गेले कित्येक दिवस कुणी न म्हटलेलं वाक्य म्हटलं. "अगं, बाबांचा फोन आला होता."

अप्पांनी डोळे उघडले. मी दारातच थांबले. मला वाटलं, आता छोटी माझ्याकडे बघेल. तिने पाहिलं नाही. ती अक्काजवळ गेली आणि तिच्या मांडीला टेकून बसली.

"हो? कसे आहेत?"

"बरे आहेत."

"जेवले का?"

अक्काने दुपारी सासरी स्वतःच्या हाताने कावळ्याचं पान वाढून कौलांवर ठेवलं होतं, आणि घास उचलला जाईपर्यंत अंगणात उभी राहिली होती. हे आईने मला नंतर सांगितलं. अक्काने छोटीच्या वेणीची घट्ट फीत सोडायला घेतली.

"जेवले," ती म्हणाली. "आज पोटभर जेवले."

"बरं झालं," छोटी म्हणाली, आणि वेणी सुटेपर्यंत मान न हलवता बसून राहिली.