हळदीच्या मांडवात

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "लिव्हर सिऱ्हॉसिस आहे." माझे पती शेजारच्या खुर्चीवर बसले होते. पुढचा प्रश्न त्यांना होता. "किती वर्षं पिताय?"

हे कधीच प्यायले नव्हते. राहनाळच्या गोदामात सुपरवायझर होते, मधुमेह जुना होता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मग त्यांना पटलं. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साचलेली चरबी, हेही कारण असू शकतं. सिऱ्हॉसिसमध्ये यकृतावर व्रण पडत जातात आणि ते निबर होतं. आमच्यासारख्या उशिरा आलेल्यांसाठी उपचार असतात ते उरलेला भाग सांभाळायला.

आम्ही सांभाळत होतो. मीठ तोडलं. घरात सुकट शिजेनाशी झाली. सासूबाई कुरकुरल्या, मग त्याही अळणी जेवू लागल्या. पोटात पाणी साचे, त्याला असायटिस म्हणतात. ते सुईनं काढत. लॅक्टुलोज नावाचं गोड, पातळ औषध होतं. त्यानं दिवसातून दोन-तीनदा शौचाला व्हायलाच हवं, नाहीतर विषारी द्रव्यं मेंदूत चढतात. "गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच आणा," असं डॉक्टर म्हणाले होते. गोंधळणं म्हणजे माणसं न ओळखणं, असं मी समजले.

पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही टेमघरला दिरांकडे राहायला गेलो. घरभर पाहुणे आणि संडास एकच. यांनी औषधाची बाटली पिशवीतून काढलीच नाही. मी टोकलं तर म्हणाले, "लग्नघरात मी रांग अडवून बसू? घरी गेल्यावर घेईन."

हळदीच्या संध्याकाळी मी बायकांत बसले होते. दीर हसत आत आले. "वैनी, बाहेर ये. दादूसनी आज घेतली!"

मांडवात हे खुर्चीला धरून उभे होते. पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती, पुढे केलेला हात पंख्यासारखा हलत होता. "इतकी वर्षं नाटक करीत होतास काय रे?" कुणीतरी ओरडलं. "बेंजो वाजवा, दादूस नाचतोय!" हे पीत नाहीत, असं मी म्हणाले. दीर म्हणाले, "पुतण्याची हळद हाय, वैनी. आज कोन पीत न्हाय?" यांनी माझ्याकडे बघून "सुनंदा" अशी हाक मारली. मला ओळखत होते.

"झोपू दे, सकाळी उतरंल," म्हणत त्यांनी यांना खाटेवर निजवलं.

सकाळी हे उठले नाहीत.

"हेपॅटिक एन्सेफॅलोपथी," इस्पितळात डॉक्टर म्हणाले. यकृत जे गाळू शकत नाही ते मेंदूत गेलं की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. "काल संध्याकाळीच आणायला हवं होतं." पोटातल्या पाण्यातही जंतू झाले होते. आयसीयूच्या दारात आम्ही बसून राहिलो. लग्न साधेपणानं उरकलं. यांनी पुन्हा डोळे उघडले नाहीत.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याचं लॅक्टुलोज चुकू देऊ नका. शौचाला जायची लाज वाटत असेल तर लग्नालाच जाऊ नका. तो अडखळू लागला, दिवसा झोपू लागला, तर तोंडाचा वास घेत थांबू नका. गाडी बोलवा.

दहाव्याला लोक दारूबद्दल बोललेच. मी रिपोर्ट कुणाकुणाला दाखवणार होते?

आता घरात मी आणि सासूबाई आहोत. दुपारी जेवण झालं की त्या जवळ येऊन बसतात आणि हळूच विचारतात, "गो सुनंदा, माझ्या पोरानी खरंच घेतली नव्हती ना?"

नव्हती, मी सांगते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात.