बांगडीच्या मापानं गोळी

माझा आजार डॉक्टरांच्या आधी चुडीवाल्या खालांनी ओळखला, आणि ही गोष्ट डॉक्टरांना शेवटपर्यंत जराशी लागून राहिली.

लग्न होऊन मी उमरग्याला आले त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, आमचा तालुका हैदराबादेकडून मुंबई राज्यात आला होता आणि आमचे हे तहसील कचेरीत बसून जुनी उर्दू दप्तरं मराठीत उतरवत होते. घरात आम्ही तिघंच: हे, सासूबाई आणि मी. खाला दर पंधरा दिवसांनी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गल्लीत यायच्या. त्यांची बांगडी भरायची रीतच न्यारी. हात हातात घ्यायचा, बघायचं मात्र भलतीकडं, आणि कुणाच्या तरी घरची गोष्ट सांगायला सुरुवात करायची. आपण गोष्टीत रमलो की त्या सांधे दाबत दाबत बांगडी चढवायच्या. गोष्ट संपेपर्यंत हात भरलेला असायचा. त्या दिवशी गोष्ट संपली तरी पहिली बांगडी बोटांच्या मुळाशीच अडून बसली होती.

"तुझं माप सव्वादोन. आज चढंना कायकू?" खालांनी पहिल्यांदाच माझ्या हाताकडं नीट बघितलं.

मी म्हटलं, "धुणं लई होतं हो काल."

"धुण्याची सूज उजव्या हाताला जास्ती येती, मा. तुझं दोन्हीकडं सारखंच हाय. ह्या हातात ज्या बोटाला, त्या हातातबी त्याच बोटाला. दवाखान्यात जा."

मी गेले नाही. आपल्याला काही झालंय हे दुसऱ्यानं सांगितलं की मला आधी रागच यायचा. पण सकाळी उठल्यावर बोटं मिटत नव्हती, तांब्या धरवत नव्हता, आणि ज्वारीची भाकरी थापायला बसले की पिठावर नुसते हात ठेवून बसून राहावं लागायचं. उन्हं अंगणात आली की बोटं हळूहळू सैल व्हायची. हे म्हणायचे, "तुझे हात आणि आमची कचेरी एकाच वेळेला उघडतात." सासूबाईंना मात्र ह्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं, कारण कचेरी उघडेपर्यंतच्या सगळ्या भाकरी त्यांना थापाव्या लागत होत्या.

शेवटी गेलेच. डॉक्टर हायवेवरच्या दवाखान्यात बसायचे. शिकून आलेले, बोलणं पुस्तकी, आणि स्वभाव असा की विचाराल तेवढंच सांगायचे. त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबली आणि म्हणाले, "हा आमवात आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं." मी घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घरचंच मानूस घरावर उलटावं तसं की ग." त्या माझ्याकडंच बघत होत्या, पण ते मी सोडून दिलं.

पहिलं औषध अ‍ॅस्पिरिनचं. ते घ्यायची पद्धत ऐकून मला वाटलं डॉक्टर थट्टा करतायत. रोज गोळ्या वाढवत जायच्या, कानात रातकिडे ओरडायला लागेपर्यंत. रातकिडे ओरडले की एक गोळी कमी करायची, ते तुमचं माप. नवव्या गोळीला माझ्या कानात अख्खं शिवार जमा झालं. सासूबाई चुलीपाशी बसून काहीतरी बोलायच्या, त्यांचे ओठ हलताना दिसायचे आणि मला ऐकू यायची ती फक्त किरकिर. एक गोळी मी लगेच कमी करायला हवी होती. चांगले आठ दिवस केली नाही. संसारात तेवढी शांतता मला पुन्हा मिळाली नाही, पण पोटात आग पडायला लागली आणि मुकाट्यानं आठवर आले.

दुखणं थोडं थांबलं, हात काही उघडेनात. मग डॉक्टरांनी सोलापूरहून नवी गोळी मागवली. पांढरी, मसुरीच्या डाळीएवढी. ती बघून मला वाटलं, आठ मोठ्या गोळ्यांनी जे झालं नाही ते ही काय करणार. मी एकच विचारलं, "ह्यानं भाकरी थापता येईल का?"

"येईल," डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी पहाटे उठले आणि बोटं मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. सासूबाई उठायच्या आत मी बावीस भाकरी थापून ठेवल्या. खाणारे आम्ही तिघं. हे म्हणाले, "आता कचेरीतल्या सगळ्यांना जेवायला आणू का?" मला हसूही येत होतं आणि रडूही. उरलेल्या भाकरी मी गल्लीत वाटल्या. माणसं पेढे वाटतात तशा.

त्या गोळीनं भूक अशी लागायची की काय सांगू. दुपारी शिळी भाकरी, ठेचा, परत तासाभरानं शेंगदाणे. दोन-तीन महिन्यांत माझं तोंड गोल झालं, गाल वर आले, आणि पाळीही चुकली. आमच्याकडं बायकांना एवढं पुरतं. तीन वर्षं ज्या गोष्टीची घरात कुणी तोंडानं चौकशी करत नव्हतं पण वाट सगळे बघत होते, ती झाली असं गल्लीनं ठरवून टाकलं. कुणी चिंच आणून दिली, कुणी कैरीचं लोणचं. सासूबाईंनी मला पाण्याची घागर उचलू देणं बंद केलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. मला मूल फार हवं होतं. मी कुणाला बोलून दाखवत नव्हते एवढंच.

सासूबाईंनी हिरव्या बांगड्या भरायला खालांना मुद्दाम बोलावणं पाठवलं. ओट्यावर शेजारच्या चार जणी येऊन बसल्या. खालांनी माझा हात घेतला, नेहमीसारखी कुणाची तरी गोष्ट सुरू केली आणि मध्येच थांबल्या. आधी हात बघितला, मग तोंड.

हळूच म्हणाल्या, "बेटी, पोटुशी बाईचं सगळं अंग भरतं. तुझं तोंड भरलंय आन् हात सुकलेत. कसली दवा खाती तू?"

मी हात ओढून घेतला. खालांवर इतकी चिडले की चार जणींसमोर त्यांना वाटेल ते बोलले. त्यांनी टोपलीवर फडकं टाकलं, सासूबाईंना म्हणाल्या, "हिरव्या बांगड्या ठेवून जाते, लागतील तवा भरू," आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं. काही नव्हतं. गोल तोंड गोळीचं, भूक गोळीची, चुकलेली पाळीही बहुतेक गोळीचीच.

डॉक्टर म्हणाले, "मूल हवं असेल तर आधी ही गोळी सोडावी लागेल. तीही हळूहळू. एकदम सोडली तर जिवावर बेतेल."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही भाकरीचं विचारलं होतं."

त्या दिवशी मी डॉक्टरांनाही सोडलं नाही. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावून बघत होते. माझं बोलून झाल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि इतकंच म्हणाले, "यापुढं न विचारता सांगेन."

गोळी कमी करायची म्हणजे सूज किती आहे ते बघत बघत करायची. डॉक्टर विचारायचे, "सूज कशी आहे?" मी म्हणायची, "काहीच नाही." मला ती गोळी लवकर सुटायला हवी होती, मी दुसरं काय सांगणार? डॉक्टर ओळखून होते. एकदा त्यांनी ह्यांना विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कळलं कसं?" ह्यांनी बांगडीची हकिकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, "त्या बाईंना पाठवाल का?"

खाला आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "हात दे," आणि विषय मिटला. त्यांच्याकडं मापाची पितळी कडी होती: सव्वादोन, अडीच, पावणेतीन. दर पंधरा दिवसांनी त्या दोन्ही हातांवर कडी चढवून बघायच्या आणि माप चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. खालांना आकडे यायचे ते उर्दूच, डॉक्टरांना उर्दू यायचं नाही, म्हणून ती चिठ्ठी हे मराठीत उतरवायचे. कचेरीतली दप्तरं आणि बायकोचे हात, दोन्ही एकाच टाकानं. अडीचाचं कडं चढलं तर अर्धी गोळी कमी. माप पावणेतीनाला गेलं तर आहे तीच चालू.

मी लबाडी केली. खाला यायच्या आधी तासभर हात रांजणाच्या गार पाण्यात बुडवून बसायची, वर साबणही लावायची. खालांनी कडं चढवलं, काढलं, बोटं नाकाशी नेली.

"साबन लावून तू कड्याला फसवशील. मेरेकू नै." असं म्हणून त्यांनी पावणेतीन लिहिलं.

अर्ध्या अर्ध्या गोळीनं ती गोळी सुटायला वर्षाच्या वर लागलं. तोंड परत लहान झालं, आणि हात मिटले ते दुपारपर्यंत उघडेनात. अ‍ॅस्पिरिन होतंच, कानातले रातकिडेही परत आले. माझी वेणी हे घालायला लागले. ती इतकी घट्ट असायची की भुवया वर ओढल्या जायच्या आणि मी दिवसभर दचकल्यासारखी दिसायची. भाकरी सासूबाई थापायच्या. त्या वर्षात त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. उलट त्या काही म्हणत नाहीत ह्याचीच मला धास्ती वाटायची. रोज वाटायचं, गोळी परत घ्यावी, चार दिवसांत हात उघडतील. दोनदा डबीपर्यंत गेलेही. नाही घेतली.

आणि मग एका पंधरवड्याला अडीचाचं कडं सहज गेलं. पुढच्या खेपेला सव्वादोन. खाला खूष. त्या म्हणाल्या, त्यांनी सांगितलेल्या सुरंजान ह्या युनानी मुळीच्या लेपाचा गुण आला. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅस्पिरिनचं माप आता बरोबर बसलं. दोघं आपापल्या विद्येवर खूष होती. मला माहीत होतं, पाळी पुन्हा चुकली होती. पण हिरव्या बांगड्यांचा तो दिवस मी विसरले नव्हते, म्हणून आणखी तीन आठवडे कुणाला काही बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही. शेवटी दवाखान्यात जाऊन म्हटलं, "तपासा."

ह्या वेळी होतं. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन बंद केलं आणि दिलेला शब्द पाळला, न विचारता सांगितलं, "दिवस असताना पुष्कळ बायकांचा आमवात मागं सरतो. बाळंतपणानंतर तो परत येतो. बहुतेक येईलच."

मी म्हटलं, "येऊ द्या." ते सात महिने मी हातांना उसंत म्हणून दिली नाही. गोधड्या शिवल्या, कुरडया घातल्या, गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भाकरी थापल्या. हिरव्या बांगड्या खालांनी भरल्या, सव्वादोनाच्या, आणि गोष्ट अर्धीसुद्धा सांगून झाली नव्हती.

मुलगी झाली. सातव्या आठवड्यात एका सकाळी ती रडत होती आणि मला तिच्या लंगोटाची गाठ सुटेना. ओळखीचं दुखणं होतं, त्याच बोटांत, दोन्हीकडं सारखं. डॉक्टर म्हणाले, पांढरी गोळी सुरू करू. मी म्हटलं, अंगावर पिते तोवर नको. गाठी सासूबाई बांधायच्या, पण पोर दिवसभर रडायची ती माझ्याकडं बघून. मग मी तिला हातांनी उचलणं सोडलं. दोन्ही कोपरं तिच्या खाली सारायची, पंजे बाहेर लोंबते ठेवायचे, आणि छातीशी ओढून उठायचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सरपणाची मोळी उचलावी तशी उचलते ही पोरीला. म्हणेनात का. ती कधी पडली नाही.

पुढं मी गोळी घेतली, थोडी, आणि पुष्कळ वर्षं घेतली. तोंड जरा गोलच राहिलं. हात कधी उघडे, कधी मिटलेले. कोपरांची सवय मात्र राहून गेली.

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ओट्यावर शेजारच्या मुलीबरोबर चिंध्यांची बाहुली घेऊन खेळत होती. मी आत सुपात ज्वारी निवडत बसले होते, दारातून दिसत होतं. शेजारच्या मुलीनं बाहुलीला दोन्ही हातांनी धरून उचललं. माझी मुलगी ओरडलीच तिच्यावर.

"तसं न्हाय उचलायचं! हातानं बाळ पडतं."

तिनं बाहुली खाली ठेवायला लावली. मग स्वतः वाकली, दोन्ही कोपरं बाहुलीखाली सारली, आपले धडधाकट, सरळ बोटांचे पंजे बाहेर लोंबते सोडले, आणि बाहुली छातीशी ओढून उठून उभी राहिली. शेजारची मुलगीही मग तसंच करायला लागली.

मला हसू फुटलं आणि डोळ्यांपुढचं सूप दिसेना. मी हाक मारली, म्हटलं, "मला दाखव की ग, कसं उचलायचं ते." ती आत आली. माझी दोन्ही कोपरं तिनं नीट जवळ आणली, बाहुली त्यावर ठेवली, आणि मी उठून उभी राहीपर्यंत बाहुलीखाली हात धरून थांबली.