आवाजाची विचारपूस

काल दुपारी शेजारच्या सिंधूकाकूंकडे बसले होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी स्पीकर लावला. आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा आवाज होता. "सिंधूताई, गुडघा कसा आहे आता?"

काकू हरखल्या. पदर सावरून बोलू लागल्या. गुडघ्यावरून जिन्यावर, जिन्यावरून गेल्या वर्षी वारलेल्या काकांवर आल्या आणि रडू लागल्या.

"फार वाईट वाटलं ऐकून," आवाज म्हणाला, आणि त्याच दमात, "मतदानाला नक्की या. आपली निशाणी लक्षात ठेवा."

मला शिसारी आली. सकाळी याच आवाजानं मला फोन करून माझ्या आईच्या आजारपणाची चौकशी केली होती, तितक्याच हळव्या सुरात. पूर्वी मतं मागायला माणसं दारात येत. तीही खोटंच हसत, पण समोर कुणी रडलं तर निदान मान खाली घालत. आता आपली दुखणी कुठून तरी गोळा करून उमेदवाराच्या आवाजात बोलणारं यंत्र त्यांवर फुंकर घालतं, आणि खुद्द उमेदवाराला आपलं नावही ठाऊक नसतं.

"काकू, तो माणूस नव्हता. यंत्र होतं," मी सांगितलं.

काकूंनी फोन पालथा ठेवला. मग ओशाळून म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं गं, 'बाळा, उन्हात फार फिरू नकोस.'"