पाणी मारलेला कोळसा

ते प्रकरण आजही आठवते, आणि आठवले की आधी माझा तळहात आठवतो.

मी तेव्हा नवी फौजदार होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले आमचे ठाणे, आणि अधिकाऱ्यांत मी एकटीच बाई. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेले, त्यामुळे जबाब लिहिताना शब्द अडायचे. बोलायचा तर मुळातच संकोच. आमचे जुने हवालदार म्हणायचे, "मॅडम, तुम्ही गप्प बसता ना, त्यानंच आरोपी जास्त घाबरतो." चेष्टा होती की कौतुक, मला कधी कळले नाही.

चाकण रस्त्याला कोळशाची एक मोठी वखार होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तिथला एक ढीग पेटला. शेजारची शेड आणि आत उभा असलेला ट्रक जळाला. माणसे वाचली. वखारीच्या शेटनी त्याच रात्री फिर्याद दिली की रखवालदाराने आग लावली. त्याला कामावरून काढणार असल्याचे आदल्या दिवशी सांगितले होते, म्हणून हा सूड. समोरच्या चहावाल्याचा जबाबही होता. आगीच्या आधी रखवालदार डबा घेऊन ढिगावर चढताना त्याने पाहिला होता.

रखवालदार मावळातला, तिशीचा, हाडकुळा माणूस. वखारीच्या मागच्या खोलीत बायको आणि तान्ह्या मुलीसह राहायचा. मी समोर बसले होते, प्रश्न हवालदार विचारत होते.

"डब्यात रॉकेल होतं ना?"

"न्हाई साहेब. पाणी होतं. पाणी मारत हुतो."

"पाण्यानं आग लागती व्हय रं?"

खोलीतले सगळे हसले. ठाणे अंमलदार बाहेरून डोकावून हसून गेला. रखवालदाराने मान खाली घातली आणि त्यानंतर एकच वाक्य धरून ठेवले: "म्या लावली न्हाई."

पोलीस कोठडी संपायला दोन दिवस होते. वरून सारखे फोन येत होते, कारण कारखान्यांच्या पट्ट्यात आग म्हटले की सगळेच घाबरतात. मोठे साहेब मारकुटे नव्हते, पण त्या दुपारी ते म्हणाले, "उद्यापर्यंत कबुली पाहिजे," आणि हवालदारांनी कपाटातून पट्टा काढून टेबलावर ठेवला. मी त्या पट्ट्याकडे बघत राहिले. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हते. फक्त वाटत होते की खोटे बोलणारा माणूस याहून बरे काहीतरी सांगेल.

त्याच संध्याकाळी आमच्या खबऱ्याने मला गाठले. तो चाकणच्या बाजारात ट्रकवाल्यांना भाडी मिळवून द्यायचा.

"मॅडम, रखवालदाराला काय धरून बसलात? भाव बघा, भाव!"

मग त्याने मला कोळशाचा बाजार समजावला. त्या वर्षी दगडी कोळशाच्या वॅगन येत नव्हत्या. बॉयलर बंद पडायची वेळ आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी तपकिरी कोळसा आणायला सुरुवात केली. त्याचे लिग्नाइट हे नाव मला शाळेच्या भूगोलातून माहीत होते, माल मात्र वखारीतच पहिल्यांदा पाहिला होता. मातकट, हलका, हातात चुरा होणारा. एरवी त्याला कोणी विचारत नसे, पण टंचाईत त्याचाही भाव आठवड्याला चढू लागला. वीटभट्टीवाले मिळेल त्या भावाने नेत होते. शेटनी भाव अजून चढेल म्हणून वखार भरून ठेवली. आणि मग एकदम वॅगन सुरू झाल्या. पाऊस आला तशा भट्ट्याही बंद झाल्या.

"आता तो माल फुकट दिला तरी कोण उचलंना. पण जळाला तर विमा हाय की राव!" बाईसमोर 'राव' म्हटल्याचे लक्षात येऊन तो ओशाळला.

मला वाटले, सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या परवानगीने शेटचा जबाब घेतला. पण आगीच्या संध्याकाळी ते पुण्यात लग्नाला होते आणि शंभर माणसांनी त्यांना पाहिले होते. नोकर, ड्रायव्हर सगळे त्यांच्याबरोबर. एक गोष्ट मात्र मी टिपली. त्यांना स्वतःवरच्या संशयाची भीती नव्हती. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "कागदावर आग *लावली* असंच आहे ना?"

हे का, ते कळेना. आणि दुपार होत आली होती.

कोठडीतल्या माणसाचा डबा तपासायचे काम असते. बायकांनी आणलेले डबे माझ्याकडे येत. रखवालदाराची बायको मुलीला कडेवर घेऊन रोज यायची, एक शब्द न बोलता डबा ठेवायची आणि भिंतीकडे बघत थांबायची. तीही माझ्यासारखीच. त्या दिवशी मुलगी रडत होती, अंगातले झबले ओलसर होते. मी भाकरी मोडून बघता बघता सहज म्हटले, "ओलं घातलंय का हिला?"

"काय करू बाई. वाळतच न्हाई कायबी. ढीग हुता तवा बरं हुतं."

"ढीग?"

ती दचकली. शेटना मालाला हात लावलेला चालत नसे. मी डबा बंद केला आणि तिला बसायला सांगितले.

"ढिगाच्या कडंला पत्रा हाय. त्यावर टाकलं की घटकंत वाळायचं. पत्रा ऊन लागायचा."

"पावसात?"

"व्हय. ढीगच ऊन हुता. ह्यांनी शेटना सांगितलं बी, ढीग तापतोय म्हणून. शेट म्हनलं, पाणी मार. तसं रोजच मारायचं, वजनासाठी. त्या दिवशी धूर दिसला म्हून ह्ये अजून मारायला चढलं."

मी उठले ते थेट साहेबांकडे. शब्द अडत होते, तरी बोलले. वखारीत त्याच मालाचा दुसरा ढीग अजून उभा होता.

"ढीग आपोआप पेटतो?" साहेब म्हणाले.

"माहीत नाही सर. बघता येईल."

दोन पंच घेऊन आम्ही गेलो. आभाळ भरून आलेले, सूर्याचा पत्ता नव्हता. हवालदारांनी लोखंडी पहार ढिगात खोल ठोकली. आम्ही छत्र्या घेऊन उभे राहिलो. शेट आमच्या मागे येरझाऱ्या घालत होते. "कोळसा उन्हानं तापतोच हो," ते म्हणाले. पंचांनी आभाळाकडे पाहिले.

मग हवालदारांनी पहार उपसली आणि मी विचार न करता टोकाला हात लावला. तळहात भाजला. हवालदारांनी माझा हात धरून छत्रीच्या पागोळीखाली नेला. "मॅडम, पंचनाम्यासाठी हात भाजून घ्यायची गरज नव्हती," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

नंतर सरकारी प्रयोगशाळेनेही तेच कळवले. दगडी कोळशावर पाणी मारून वजन वाढवायची वखारवाल्यांची जुनी सवय. तपकिरी कोळसा वेगळा. सुकलेल्या ढिगावर पुन्हा पुन्हा पाणी पडले की तो आतून तापत जातो आणि एक दिवस पेटतो. असा आपोआप पेटलेला माल शेटच्या विम्यात बसत नव्हता. कोणीतरी लावलेली आग बसत होती. त्यासाठी एक माणूस हवा होता.

भाव पाहून मला कळले होते की फायदा कोणाचा. आग कोणी लावली हे त्यावरून कळणार नव्हते, कारण ती कोणी लावलीच नव्हती. पुढे नोकरीत कित्येक जबाब घेतले. ज्या उत्तराला खोली हसते, ते मी आधी लिहून घ्यायची.

रखवालदार सुटला. नोकरी आणि खोली गेलीच होती. काळेवाडीत मेहुण्याकडे जातो म्हणाला. सामान परत घेताना अंगठा उठवायच्या आधी तो थांबला आणि हवालदारांना म्हणाला, "साहेब, आता तरी लिवलं का, पाणी मारलं म्हून?"

"लिहिलंय," हवालदार म्हणाले.

"वाचून दावा."

हवालदारांनी चष्मा लावला आणि उभे राहून वाचून दाखवले. या वेळी खोलीत कोणी हसले नाही.