पडद्यावरच्या मुंग्या

टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या आल्या की आमच्या घरातलं बोलणं थांबायचं. काळ्या-पांढऱ्या, असंख्य, एकमेकींच्या अंगावरून धावणाऱ्या त्या मुंग्या, तापलेल्या तेलासारखा त्यांचा चुरचुर आवाज, काचेला येणारा धुळीचा करपट वास... हात जवळ नेला की मनगटावरची लव उभी राहायची, आणि मला वाटायचं, भीती म्हणतात ती हीच, काचेतून बाहेर येणारी.

बाबा सरकारी टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात तंत्रज्ञ होते. आम्ही नांदेडकडचे, बाबांना नोकरी लागली तेव्हा मीरा रोडला, पूनम सागरमध्ये दोन खोल्या घेऊन राहू लागलो. सगळ्या बिल्डिंगमध्ये केबल आली होती, आमच्याकडे मात्र गच्चीवर अॅल्युमिनियमचा अँटेना होता. बाबा म्हणायचे, मी जे हवेत सोडतो ते माझ्या घरी हवेतूनच यायला पाहिजे.

एकदा ते मला केंद्रात घेऊन गेले होते. गुणगुणणारी, उबदार, माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं. दर तासाला काट्यांचे आकडे टिपून घेणारी जाडजूड वही. तीन पाळ्यांची माणसं. त्यांनी मला समजावलं होतं की स्टुडिओत कार्यक्रम तयार होतो, तिथून एक वाट उपग्रहाकडे जाते आणि केबलवाल्यांच्या छत्र्यांमध्ये उतरते. दुसरी वाट इथे येते, या कपाटांतून मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढते आणि मग चहूकडे पसरते. मनोऱ्यावर काही बिघडलं तर कपाटं बंद करून माणसाला चढावं लागतं, आणि कपाटांची किल्ली त्या चढणाऱ्याच्याच खिशात असते. तो खाली येऊन ती लावेपर्यंत कुणीही काहीही सुरू करू शकत नाही.

"आणि कुणी चुकून सुरू केलं तर?" मी विचारलं.

"माणूस आतून भाजतो," बाबा सहज म्हणाले.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या दिवसापासून मी टीव्ही वेगळ्याच तऱ्हेनं बघू लागले. पडद्यावर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' अशी पाटी आली की मी निश्चिंत असे — घोटाळा स्टुडिओत आहे, बाबा खाली खुर्चीत बसलेले आहेत. पण मुंग्या आल्या म्हणजे कपाटं बंद, म्हणजे कुणीतरी किल्ली खिशात घालून वर गेलंय, आणि ते कुणीतरी बहुधा बाबाच.

आश्विन संपत आला होता. रविवारची दुपार, खाडीकडून मिठागरांच्या चिखलाचा खारट, कुबट वास येत होता आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. आई मेथी निवडत होती. चार वाजता मराठी चित्रपट सुरू झाला आणि थोड्या वेळानं, नायकाची आई त्याचं पत्र वाचत असताना, मुंग्या आल्या.

विलक्षण गोष्ट अशी की पत्र थांबलं नाही. भिंतीपलीकडे नीलाबेनकडे केबल होती. तिथून ते पत्र पुढे ऐकू येत राहिलं. म्हणजे स्टुडिओ शाबूत होता, उपग्रह शाबूत होता. फक्त बाबांचा मनोरा गप्प झाला होता.

"आज तर वरचं काम नव्हतं," आई म्हणाली. तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

तिनं केंद्रात फोन लावला. पलीकडे बाबांचे सहकारी होते. आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"जय भीम वहिनी. वाऱ्यानं मनोऱ्यावरच्या केबलचा पट्टा सुटलाय. गायकवाड आणि म्हात्रे वर गेलेत. येतील अर्ध्या तासात."

गायकवाड म्हणजे बाबा. म्हात्रेकाका म्हणजे जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातले, पंचवीस वर्षं मनोरे चढलेले. ते सोबत आहेत म्हटल्यावर आईनं पुन्हा मेथी हातात घेतली. पण अर्धा तास गेला, तास गेला. काशीगाव-वरसावेकडच्या डोंगरांवर काळोखी चढू लागली आणि लांबवर वीज हलली. मी गडगडाट येईपर्यंत आकडे मोजू लागले. बारा... मग नऊ.

दार वाजलं. नीलाबेन होत्या.

"भाभी, आपका नहीं आ रहा? बेबी को भेज दो ना, हमारे यहाँ एकदम क्लियर है."

"नहीं बेन," आई म्हणाली. "हम लोग इधरीच देखेंगे."

आणि आम्ही बघत बसलो, मुंग्यांकडे. आईनं पुन्हा फोन लावला.

"अजून वरच आहेत, वहिनी. काय झालंय कळत नाही."

"ढग आलेत का तिकडे?"

"आलेत."

बुद्धाच्या तसबिरीखाली बसून ती ओठातल्या ओठात त्रिसरण म्हणू लागली. मी सात मोजले. मग पाच.

साडेसहाच्या सुमारास पडदा एकदम स्वच्छ झाला. चित्रपट संपला होता. एक गृहस्थ खतांविषयी शांतपणे बोलत होते, आणि त्यांच्यासमोर बसून आई पदरात तोंड घालून रडली. मला मात्र रडू आलं नाही. माझ्या मनात आलं होतं, किल्ली खाली आली... पण बाबा आले का? हे मी आईला विचारलं नाही. फोन सारखा एंगेज येत होता. तो दीड तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब काळ असावा. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी जात होते.

आठच्या सुमारास बाबा आले. दोन्ही तळहात सोलवटलेले. मोरीत बराच वेळ हात धूत राहिले.

"म्हात्रे अडकले वर," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "पाय गोठले त्यांचे. उतरवलं."

त्यानंतर म्हात्रेकाकांना कुणी मनोऱ्यावर चढवलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते वहीत आकडे लिहीत राहिले. आमच्याकडे आले की मी त्यांच्याकडे जराशा किवेनं बघायची. एकदा विचारूनही टाकलं, "काका, तुम्हाला उंचीची भीती वाटते?"

ते हसले. "भीती सगल्यांनाच हाय, पोरी."

पुढे तशी केंद्रं एकेक करून बंद होत गेली. आता सारं उपग्रहावरून येतं, फोनवर दिसतं. पडद्यावर मुंग्या कशा येतात हे माझ्या मुलीला ठाऊकच नाही. बाबांनी वहीत शेवटचे आकडे लिहिले, सही केली आणि घरी आले.

गेल्या वर्षी म्हात्रेकाका वारले. बाबांना घेऊन मी भाईंदरला जाऊन आले. परतल्यावर बाबा खुर्चीत बसले, आईनं पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"त्या दिवशी पाय माझे गोठले होते," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघराकडे निघाली होती, ती मागे वळली.

"वीज चमकली आणि हात सुटेनात. खालून ओरडत होते, मला काही कळत नव्हतं. म्हात्रे एक पायरी खाली होते. त्यांनी माझी किल्ली काढून घेतली. म्हणाले, 'तू खाली बगू नको. माजा आवाज आइक.' आणि एकेका पायरीला एकेका माशाचं नाव घेत गेले. नाव घेतलं की मी ते म्हणायचं आणि एक पाय खाली टाकायचा. खाली साहेबांनी विचारलं, कोण अडकलं होतं? माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, 'मी.'"

पेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "मला बोलता आलं असतं. नंतरही, कितीतरी वेळा..."

खिडकीतून खालच्या रिक्षांचा आवाज येत राहिला. आईनं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि शेजारी बसली.

"कोणकोणते मासे?" तिनं विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. "बोंबील," ते म्हणाले. "मग मांदेली. मग निवटा..."